एकच वाईन, दोन निकाल

पाककृती स्पर्धेचा निकाल लागला की एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. त्याच आमटीला एका परीक्षकाने आठ आणि दुसऱ्याने चार गुण कसे दिले? पाठोपाठ पक्षपाताची कुजबुजही सुरू होते. यावर एक दूरचे उदाहरण पाहू. ते रेड वाईनचे आहे. दारूबंदीच्या गुजरातेत मांजलपूरकरांनी ते नुसते वाचावे!

२००३ साली युरोपात कडक उन्हाळा पडला. फ्रान्सच्या बोर्दो भागातील ‘शातो पावी’ची त्या सालची वाईन २००४ मध्ये नामांकित समीक्षकांनी चाखली. अमेरिकेचे रॉबर्ट पार्कर यांनी तिला १०० पैकी ९५ च्या वर नेले. ब्रिटनच्या जान्सिस रॉबिन्सन यांनी २० पैकी १२ दिले, म्हणजे त्यांच्या हिशेबी जवळजवळ नापास. वाद बराच गाजला. गंमत अशी की दोघांनाही वाईन दाट आणि खूप पिकलेल्या द्राक्षांचीच लागली होती. पार्करना त्यात श्रीमंती दिसली, तर रॉबिन्सनना ती बोर्दोची वाटेचना. आपल्याकडे गुळाच्या आमटीचे हेच होते. बडोद्यात वाढलेल्याला ती घरची वाटते, कोल्हापूरच्या पाहुण्याला बिघडलेली.

जिभाही सारख्या नसतात. १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत ‘पीटीसी’ नावाची पूड उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्सना काहीच नाही. हा फरक बराचसा आनुवंशिक असतो.

रेड वाईनचा तुरटपणा तर जांभूळ खाणाऱ्याला वेगळा सांगायला नको. त्यातले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते आणि तोंड कोरडे पडते. आपल्या षड्रसांत तुरट आहे; पाश्चात्त्य शास्त्र त्याला चव न म्हणता स्पर्श म्हणते. आम्हाला आपली मोजणी जास्त पटते.

शिवाय डोळे लुडबुड करतात. फ्रान्समध्ये फ्रेडरिक ब्रोशे यांनी वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन लाल रंग घालून दिली. त्यांनी तिचे वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केले.

म्हणून यंदा सर्व पदार्थ एकसारख्या वाट्यांत, नावाऐवजी क्रमांक लावून परीक्षकांसमोर येतील. गुणांशेजारी परीक्षकाने दोन ओळी लिहायच्या आहेत: चव कशी लागली आणि अपेक्षा काय होती. त्या ओळी स्पर्धकांना निकालासोबत मिळतील.