वर्ध्याचं नाक, याराची वाईन

वर्ध्याची मुलगी वाईनवर लिहितेय म्हटल्यावर ऑफिसातली मंडळी आधी हसतात. साहजिकच आहे. गांधीजी १९३६ मध्ये सेगावात राहायला आले, पुढे त्या गावाचं सेवाग्राम झालं आणि १९७४ पासून अख्खा वर्धा जिल्हा दारूबंदीत आहे. आमच्याकडे पाहुण्यांसमोर येतो तो गोरसपाक. वाईन ग्लास नाही!

पण वाईन टेस्टिंग हे पिण्याचं कमी आणि नाकाचं काम जास्त आहे. आणि नाकाच्या बाबतीत विदर्भातला माणूस मुळीच मागे नाही. आंबिया बहाराची संत्री, चैत्रातलं मोहफूल, काळ्या मातीवर पडलेला पहिला पाऊस... हे सगळं ज्याच्या डोक्यात साठवलेलं आहे, त्याला फक्त शब्द जोडायचे असतात.

थंड हवा म्हणजे नेमकं काय?

सध्या पुण्या-मुंबईत 'कूल क्लायमेट' हा शब्द फार ऐकू येतो. त्याचं चांगलं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातली यारा व्हॅली. मेलबर्नपासून गाडीने तासाभरावर. इथे पहिल्या वेली १८३८ मध्ये लागल्या. ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याला दाट, तिखटसर शिराझ आठवते. ती बरीचशी उष्ण भागांतली. याराचं नाव आहे ते पिनो न्वार आणि शार्दने या द्राक्षांसाठी.

गणित सोपं आहे. हवा थंड असली की द्राक्ष सावकाश पिकतं. साखर हळूहळू भरते, आंबटपणा टिकून राहतो, वास नाजूक राहतात. कडक उन्हात साखर झपाट्याने वाढते, आंबटपणा पळतो. जास्त साखर म्हणजे जास्त अल्कोहोल आणि जड वाईन.

मग आपलं नाशिक? तिथे शेतकऱ्याने उलटी युक्ती केली आहे. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलच्या सुमारास एक, पावसाळा सरता सरता दुसरी. त्यामुळे द्राक्ष हिवाळ्यात पिकतं आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी होते. यारामध्ये साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. ऋतू उलटे, कॅलेंडर जवळजवळ एक! शॅम्पेनवाल्या मोएत कंपनीने १९८६ मध्ये यारात शाँदों सुरू केली आणि २०१३ मध्ये नाशिकजवळच्या दिंडोरीची शाँदोंही बाजारात आली. म्हणजे दोन्हीकडच्या बुडबुड्यांचं माहेर एकच.

ग्लास हातात आल्यावर

१. ग्लास दांडीला धरा. तळहाताच्या उबेने वाईन गरम होते.

२. पांढऱ्या कागदावर रंग बघा. पिनो न्वार फिकट दिसते, पलीकडची बोटं दिसतात. म्हणून ती 'पाणचट' नसते. त्या द्राक्षाची सालच पातळ.

३. ग्लास गोल फिरवा आणि नाक आत घाला. लाजू नका.

४. छोटा घोट. तोंडभर फिरवा. जिभेच्या कडेने पाणी सुटलं तर तो आंबटपणा. हिरड्या कोरड्या पडल्या, कच्च्या जांभळासारखं तुरट लागलं, तर ते टॅनिन.

५. थुंका! हो, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. जाणकार हमखास थुंकतात. एका बैठकीत सहा-आठ वाईन चाखायच्या तर दुसरा उपाय नाही.

इंग्रजी चिठ्ठीवर 'गूजबेरी' लिहिलेलं असेल तर बावरू नका. स्वतःचा शब्द शोधा. सॉव्हिन्याँ ब्लांमध्ये मला कैरी आणि कापलेली ढोबळी मिरची सापडते. शार्दनेत पिकलेलं लिंबू, कधी ओकच्या पिंपामुळे भाजलेला काजू. पिनो न्वारमध्ये चेरीचा वास येतो म्हणतात. मला त्यामागे पावसाळ्यातली ओली पानं जास्त आवडतात.

आणि 'रूम टेम्परेचर'च्या फंदात पडू नका. ती रूम युरोपातली! मे महिन्यातली वर्ध्याची खोली नव्हे. शार्दने १० ते १२ अंशांवर, पिनो १४-१५ वर. फिरकीचं झाकण बघूनही नाक मुरडू नका, ऑस्ट्रेलियात चांगल्या बाटल्यांनाही तेच असतं.

सावजीबरोबर मात्र दोघींनाही त्रास देऊ नका. तिखटाने अल्कोहोल आणखी जाळतं. वांग्याचं भरीत आणि पिनो, ही जोडी जमते. सांबारवडीबरोबर थंडगार शेनिन ब्लां.

बाटली गावी न्यायची का?

खिशाचं आधी. ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. वाईनवर १५० टक्के कस्टम ड्युटी होती. ५ डॉलरच्या वरच्या बाटलीवर ती लगेच १०० टक्के झाली, १५ डॉलरच्या वर ७५ टक्के. दहा वर्षांत ती अनुक्रमे ५० आणि २५ वर यायची आहे. त्यावर राज्याचे कर वेगळेच.

आता अवघड प्रश्न. गावाकडची मैत्रीण फोनवर म्हणते, "येतानी एक बाटली आणजो नं!" मी नाही म्हणते. गुन्हा आहे हे एक कारण. पण तेवढंच नाही. माझ्या एका वर्षाच्या हौसेपेक्षा ज्या घरात दारूने पगार गिळला त्या घरातल्या बाईचं म्हणणं मोठं आहे, आणि विदर्भात दारूबंदीसाठी बायाच पुढे होत्या. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटात वाईन विकायला मंजुरी दिली, त्यातून दारूबंदीचे जिल्हे वगळले होते. पुढे तो निर्णय अमलातच आला नाही. बंदीने दारू खरंच थांबते का, यावर आमच्या घरी वाद होतात आणि होत राहतील. पण 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हा युक्तिवाद मी करत नाही. १३ टक्के अल्कोहोल हे अल्कोहोलच असतं.

म्हणून माझा नियम साधा आहे. चाखायचं ते जिथे चालतं तिथे, थोडं, आणि गाडी दुसऱ्याने चालवायची. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे. ती घोटांत मोजत बसण्यापेक्षा कॅब बरी.

आणि वर्ध्याला गेल्यावर? तिथे नाकाचा रियाज. पाच वाट्या घ्या. संत्र्याची साल, कैरी, चिंच, लवंग, ओली माती. डोळे बांधून ओळखा. पहिल्या फेरीत पाचपैकी तीन आले तरी शाब्बास. घरातल्या सगळ्यांना खेळता येतं, आजीला तर नक्कीच. माझ्या अनुभवाने सांगते, जिंकते तीच.