बधिर चट्टा आणि वाकडे बोट

कुष्ठरोगात हातापायांची बोटे झडतात, ही समजूत आपल्या समाजात अजूनही घट्ट रुजलेली आहे. या एका समजुतीपोटी कित्येकांना घर, गाव आणि शाळा सोडावी लागली. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. या रोगाचे जंतू बोटे खात नाहीत. कुष्ठरोग हा मुख्यतः त्वचेचा आणि नसांचा रोग आहे. बोटांची हानी होते ती नस निकामी झाल्यानंतर, आणि ती बहुतांशी टाळता येते. हे समजण्यासाठी नस, स्नायू आणि सांधा यांचे परस्परांशी असलेले नाते पाहावे लागते. तेच येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो. येथे मात्र नस म्हणजे मज्जातंतूंची जुडी. एकाच जुडीतून तीन प्रकारची कामे चालतात. काही तंतू स्पर्श, उष्णता आणि वेदना यांची वार्ता मेंदूकडे नेतात. काही तंतू मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत आणतात. आणि काही तंतू घामाच्या ग्रंथी चालवतात. स्नायू आकुंचन पावला, की त्याच्या टोकाची दोरीसारखी कंडरा हाड ओढते आणि सांधा हलतो. म्हणजे सांधा कितीही निरोगी असला, तरी नसेची आज्ञा आली नाही तर त्याचे काम थांबते.

नॉर्वेतील डॉ. हान्सन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू शोधून काढला. हा जंतू अतिशय सावकाश वाढतो. लक्षणे दिसू लागायला सरासरी पाच वर्षे लागतात. शरीराचा तुलनेने थंड भाग त्याला मानवतो. म्हणूनच तो त्वचेत आणि त्वचेलगत असलेल्या नसांत ठाण मांडतो. तंतूंभोवती वेष्टन घालणाऱ्या पेशींत तो शिरतो. त्याला प्रतिकार करताना नस सुजते. पण नसेचे बाहेरचे आवरण फारसे ताणत नाही, त्यामुळे आतले तंतू दाबले जातात.

कोपराच्या आतल्या बाजूस हाडाच्या खोबणीतून अल्नर नस जाते. कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, त्या हिच्यामुळे. बोटे वळवणारे लांब स्नायू कोपराखालच्या हातात असतात. पण बोटे मुळाशी वाकवून पुढे सरळ ठेवण्याचे नाजूक काम तळहातातील लहान स्नायू करतात. अल्नर नस निकामी झाली, की हे लहान स्नायू लुळे पडतात. मग करंगळी आणि अनामिका मुळाशी मागे ताणल्या जातात, पुढच्या सांध्यांत वाकतात आणि हात पंजासारखा दिसू लागतो. आरंभी ही बोटे दुसऱ्या हाताने सरळ करता येतात. तशीच वाकडी राहू दिली, तर त्वचा व कंडरा आखडतात आणि सांधा कायमचा ताठ होतो.

गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूच्या नसेला इजा झाली, तर पाऊल वर उचलता येत नाही. चालताना ते लोंबते. घोट्याच्या आतल्या बाजूची नस गेली, की तळवा बधिर होतो. चेहऱ्याच्या नसेवर परिणाम झाला, तर पापणी नीट मिटत नाही आणि डोळा धोक्यात येतो.

सर्वांत मोठी हानी होते ती वेदना हरपल्यामुळे. वेदना आपल्याला नकोशी वाटते. पण शरीराची राखण तीच करते. तापलेल्या तव्याला बोट लागले तर आपण क्षणात हात मागे घेतो. बधिर हात तसाच राहतो आणि भाजतो. बधिर तळव्यात काटा रुतला तरी माणूस दिवसभर चालत राहतो. घाम थांबल्याने कोरडी पडलेली त्वचा भेगाळते, जखम चिघळते, संसर्ग हाडापर्यंत पोहोचतो आणि बोट हळूहळू आखूड होते. १९४६ पासून वेल्लोर येथे काम केलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी हीच गोष्ट जगाच्या नजरेस आणली. निरोगी स्नायूची कंडरा लुळ्या स्नायूच्या जागी जोडून वाकडी बोटे पुन्हा कामाला लावण्याच्या शस्त्रक्रियाही त्यांनी विकसित केल्या. अशा शस्त्रक्रिया आजही केल्या जातात.

आता उपचारांविषयी. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत हा उपचार पूर्ण होतो आणि सरकारी दवाखान्यांत तो मोफत मिळतो. औषध सुरू झाल्यानंतर अल्पावधीतच रुग्णापासून संसर्ग होण्याची शक्यता संपते. मात्र औषध जंतू मारते. पूर्ण मेलेली नस जिवंत करीत नाही. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही नस दुखू लागली, नवा बधिरपणा वा अशक्तपणा जाणवला, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. नसेची इजा सहा महिन्यांच्या आतली असेल, तर सूज उतरवणाऱ्या औषधांनी ती सुधारण्याची शक्यता बरीच असते. ज्यांचा बधिरपणा कायम राहिला आहे त्यांनी हातपाय रोज पाण्यात भिजवून तेल लावावे, बोटांचा व्यायाम करावा, मऊ तळाची चप्पल वापरावी आणि दररोज तळवे डोळ्यांनी तपासावेत. जे स्पर्शाला कळत नाही, ते नजरेने पाहावे लागते.

महाराष्ट्राने या रोगाविरुद्ध मोठे काम पाहिले आहे. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी रुग्णांना श्रमाची व सन्मानाची वाट दाखवली. १८९८ चा कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवणारा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. २०१९ मध्ये विवाहविषयक कायद्यांतून घटस्फोटाचे कारण म्हणून असलेला कुष्ठरोगाचा उल्लेख वगळला गेला. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू असल्याने हा बदल आपल्याही घरांशी निगडित आहे. कायदा बदलला, आता मन बदलायचे आहे.

२००५ च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाहून कमी झाले. परंतु रोग संपलेला नाही, आणि तो मुलांनाही होतो. म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तो खाजत नसेल, दुखत नसेल आणि त्यावर कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर तो लपवू नका. न दुखणारा चट्टाच अधिक काळजीचा असतो. वसतिगृहातून नाव कमी होईल या भीतीने घालवलेले महिने मुलाच्या हाताची किंमत मागतात. शेजारी बसल्याने, हात मिळवल्याने किंवा एका पंगतीत जेवल्याने हा रोग पसरत नाही. औषध घेणाऱ्या मुलाला वर्गातून, खोलीतून वा पंगतीतून उठवण्याचे कोणतेही वैद्यकीय कारण नाही. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज शिक्षक, परिचारिका आणि आरोग्यसेवक आहेत. आपापल्या गावी त्यांनी एवढी एकच गोष्ट सांगितली, तरी काही मुलांचे हात शाबूत राहतील.