केवळ-वाचनीय फाइल प्रणालीवरील विशेष फाइली

केवळ-वाचनीय फाइल प्रणाली म्हणजे ज्या फाइल प्रणालीतील मजकूर व नोंदी बदलता येत नाहीत अशी फाइल प्रणाली होय. युनिक्स व लिनक्ससारख्या संचालन प्रणालींमध्ये अशा फाइल प्रणालीवरील साध्या फाइलीत लिहिता येत नाही. मात्र तिथेच असलेल्या विशेष फाइलीत लिहिता येते.

कारण

उपकरण फाइली, नामांकित पाइप आणि सॉकेट यांना विशेष फाइली म्हणतात. उपकरण फाइलीच्या आयनोडमध्ये मजकूर नसतो. तिचा प्रकार, परवानग्या, मालक आणि प्रमुख व गौण असे दोन क्रमांक ही माहिती असते. उदाहरणार्थ, लिनक्समध्ये 'नल' या उपकरणाचे क्रमांक १ व ३ आहेत. फाइल उघडल्यावर कर्नल या क्रमांकांवरून संबंधित चालक शोधतो व पुढील लेखन त्याच्याकडे सोपवतो. नामांकित पाइपमधील मजकूर कर्नलच्या स्मृतीत राहतो. दोन्ही प्रकारांत फाइल प्रणालीवर काहीही लिहिले जात नाही.

कर्नलची तपासणी

लेखनाची विनंती आल्यावर लिनक्स कर्नल फाइलीचा प्रकार पाहतो. साधी फाइल, निर्देशिका किंवा प्रतीकात्मक दुवा असल्यास विनंती नाकारली जाते. विशेष फाइलींना ही मनाई लागू नसते. त्यांच्या नेहमीच्या परवानग्या मात्र तपासल्या जातात. नवी विशेष फाइल निर्माण करणे, असलेली पुसणे, तिचे नाव वा परवानग्या बदलणे या क्रियांनी फाइल प्रणालीतील नोंदी बदलतात. म्हणून त्या नाकारल्या जातात. याच कारणाने आधीपासून असलेल्या सॉकेटशी जोडणी करता येते, पण नवे सॉकेट तिथे स्थापन करता येत नाही.

महत्त्व

लिनक्स संगणक सुरू होताना मूळ फाइल प्रणाली सहसा प्रथम केवळ-वाचनीय स्वरूपात जोडली जाते व तिची तपासणी होते. पूर्वी उपकरण फाइली याच मूळ फाइल प्रणालीवर असत. दोष दुरुस्त करणाऱ्या आज्ञावलीला डिस्कच्या उपकरण फाइलीत लिहावे लागे. ते लेखन नाकारले गेले असते, तर बिघडलेली डिस्क दुरुस्त करता आली नसती आणि पडद्यावर त्रुटीचा संदेशही दिसला नसता. पुढे लिनक्स २.६.३२ मध्ये उपकरण फाइलींसाठी स्मृतीतील स्वतंत्र फाइल प्रणाली उपलब्ध झाली.

सुरक्षा

केवळ-वाचनीय जोडणीमुळे उपकरणांना संरक्षण मिळत नाही. परक्या सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर संगणकाच्या मुख्य डिस्कचे क्रमांक असलेली, सर्वांना लेखनाची परवानगी देणारी उपकरण फाइल असू शकते. तिच्याद्वारे सामान्य वापरकर्ताही मुख्य डिस्कवर लिहू शकेल. हा धोका टाळण्यासाठी अशी माध्यमे 'नोडेव्ह' हा पर्याय देऊन जोडतात. त्यामुळे त्यांच्यावरील उपकरण फाइली उघडतच नाहीत. पाइप व सॉकेट यांवर या पर्यायाचा परिणाम होत नाही.