कुत्रा दारात आल्यावर

सोलापूरच्या एखाद्या खाणावळीच्या दारात दृष्टिहीन ग्राहक प्रशिक्षित कुत्र्यासह उभा राहिला, तर नोकर बहुधा "कुत्रं बाहेर ठेवा" असंच म्हणेल. त्याला दोष का द्यावा? त्याला कुणी शिकवलेलंच नाही. असे कुत्रे आपल्याकडे दुर्मीळ. पांढरी काठी मात्र स्टेशनवर, एसटी स्टँडवर नेहमी दिसते. नोकरांचं प्रशिक्षण त्या काठीपासूनच सुरू व्हावं.

'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016' हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात मार्गदर्शक कुत्र्यासाठी वेगळं कलम नाही. पण 'वाजवी सोय' नाकारणं हाही भेदभावच, असं तो स्पष्ट सांगतो. लोकांसमोर दिव्यांगाचा हेतुपुरस्सर अपमान केल्यास कलम 92 नुसार सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते. हे दुकानमालकांनाही फारसं माहीत नसतं, याचं वाईट वाटतं.

शिकवायचं ते साधं आहे. सोबत्याशी नव्हे, थेट त्या व्यक्तीशी बोला. न विचारता हात किंवा काठी धरू नका. कुत्र्याला कुरवाळू नका, खाऊ घालू नका. तो कामावर असतो आणि त्याचं लक्ष विचलित झालं, तर मालक पायरीवर अडखळेल. दुसऱ्या गिऱ्हाइकानं तक्रार केली, तर टेबल बदलून द्यायचं ते तक्रार करणाऱ्याला.