लेकीचा वाटा

बाप वारला. मागे घर राहिले, थोडी जमीन राहिली, थोडा पैसा राहिला. त्यात लेकीचा वाटा किती? पुष्कळ जण चटकन सांगतील, "लेकीला कसला वाटा? तिला लग्नात दिलं की!" पण हे म्हणणे खरे नाही. ते कायद्याला धरून नाही. मुसलमान घरात तर ते धर्मालाही धरून नाही. कसे, ते आपण पाहू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्याच्या नावावर काही आहे, त्याच्या शब्दाला घरात वजन असते. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. नवरा वारला किंवा त्याने टाकले, तर अशा बाईने जावे कुठे? म्हणून बाईच्या हक्कांत मालमत्तेचा हक्क फार मोठा.

इस्लामने काय दिले?

सुमारे 1400 वर्षांपूर्वी अरबस्तानात टोळ्यांचे राज्य होते. पुष्कळ टोळ्यांत लढणाऱ्या पुरुषांनाच वारसा मिळे. बायका आणि लहान मुले रिकाम्या हाताने राहत. त्या काळात कुराणाने बाईचा वाटा ठरवून दिला. कुराणाच्या चौथ्या अध्यायाचे नावच 'अन्-निसा' आहे. त्याचा अर्थ 'स्त्रिया'. आई, बायको, लेक यांचे वाटे त्यात सांगितले आहेत. मुलाला दोन भाग, तर मुलीला एक भाग. मुलेबाळे असतील तर विधवेला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा.

दुसरी गोष्ट मेहर. निकाहात नवरदेवाने नवरीला द्यायची ही रक्कम. ती तिच्या बापाची नव्हे, सासऱ्याचीही नव्हे. ती तिची एकटीची. नवऱ्याने मेहर दिली नाही आणि तो वारला, तर ते त्याच्यावरचे कर्ज धरतात. आधी कर्ज फेडायचे, मग वाटण्या करायच्या.

आता एक हिशेब मांडू. पाटी-पेन्सिल घ्या. एक मुसलमान गृहस्थ वारले. मागे बायको, एक मुलगा आणि दोन मुली. देणी फेडून 3,20,000 रुपये उरले. बायकोचा आठवा हिस्सा 40,000. उरले 2,80,000. त्याचे चार भाग करा. मुलाला दोन भाग, म्हणजे 1,40,000. प्रत्येक मुलीला एक भाग, म्हणजे 70,000.

कुणी म्हणेल, मुलीला निम्माच का? जुने जाणते सांगतात, घर चालवायचा भार पुरुषावर असतो, मेहरही त्यानेच द्यायची, म्हणून असे. पण आज बाईही शेतात राबते, पगार आणते. म्हणून समान वाटा हवा असे म्हणणाऱ्या मुसलमान स्त्रियाही आहेत. तुर्कस्तानात 1926 साली नवा कायदा झाला, आणि तिथे मुलगा व मुलगी समान वारस ठरले.

दुसरीकडे काय होते?

विलायत तर पुढारलेली ना? पण तिथे लग्न झालेल्या बाईची मजुरीसुद्धा कायद्याने नवऱ्याची असे. 1870 साली कायदा झाला, तेव्हा तिची कमाई तिची झाली. 1882 साली आणखी एक कायदा झाला, तेव्हा तिला मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवता येऊ लागली.

आपल्याकडे हिंदू घरात मुलगा असला तर मुलीला बापाचा वारसा मिळत नसे. हे बदलावे म्हणून डॉक्टर आंबेडकरांनी हिंदू कायद्याचे बिल आणले. ते अडले, तेव्हा 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे 1956 साली वारसा कायदा झाला. वरचाच हिशेब हिंदू घरात मांडा. पैसा बापाने स्वतः कमावलेला, मृत्युपत्र केलेले नाही आणि बापाची आईही हयात नाही. मग चौघांना सारखे, म्हणजे प्रत्येकाला 80,000 रुपये.

वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र मुलीला जन्माने हक्क नव्हता. महाराष्ट्राने 1994 साली तो अविवाहित मुलींना दिला. 2005 साली साऱ्या देशात तो लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. 2020 साली सुप्रीम कोर्टाने आणखी स्पष्ट केले, की बाप 2005 साली हयात नसला तरी मुलीचा हा हक्क जात नाही. गोव्यात तर पोर्तुगिजांच्या काळापासूनच मुलगा-मुलगी समान वारस आहेत, मग धर्म कोणताही असो.

साऱ्या जगाने 1948 साली माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा केला. त्याच्या इंग्रजी मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते. आपल्या हंसाबेन मेहता यांनी ते बदलून 'सर्व माणसे' असे करायला लावले. पाकिस्तानच्या बेगम शाइस्ता इकरामुल्ला यांनी लग्नात स्त्री-पुरुषांना समान हक्क असावेत, याची बाजू घेतली. एक हिंदू, एक मुसलमान. दोघींचे म्हणणे एकच, की बाई हीसुद्धा माणूस आहे.

मग अडते कुठे?

अडते ते रूढीपाशी. मुसलमानांच्याही कित्येक जमातींत मुलीला वाटा न देण्याची चाल पडली होती. कुराणात एक आणि घरात दुसरे! म्हणून 1937 साली शरियतचा कायदा करावा लागला. तरी त्यातून शेतजमीन बाहेरच ठेवली गेली.

आजही हिंदू असो की मुसलमान, भाऊ बहिणीला म्हणतो, "ताई, हक्कसोडपत्रावर सही कर." आपाही सही करते आणि ताईही करते. मनात भीती एकच, नाही म्हटले तर माहेर तुटेल. भाऊबीज बंद होईल, ईदेला कोणी बोलावणार नाही. आपखुशीने हक्क सोडायला कोणाची हरकत नाही. पण काय सोडतो ते कळले पाहिजे. हक्कसोडपत्राची एकदा नोंदणी झाली, की ते फिरवणे फार अवघड.

म्हणून बायांनो, इतके करा. बाप वारल्यावर तलाठी कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज होतो. त्यात आपले नाव आहे का, ते पाहा. फेरफाराची नोटीस आली तर ती वाचा. सातबाऱ्याचा उतारा काढून आपल्या डोळ्यांनी पाहा. अडचण आली तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे बाईला वकील फुकट मिळतो, तिची मिळकत विचारत नाहीत.

आणि भावांनो, तुम्हालाही सांगणे आहे. बहिणीचा वाटा म्हणजे तुम्ही केलेले दान नव्हे. तो तिचाच आहे. तो तिला दिला म्हणून माहेर तुटत नाही. उलट ती ताठ मानेने माहेरी येते.

आता तुम्हाला वाचता येते. कोणी कागद पुढे केला तर म्हणा, "थांबा, आधी वाचते." एका दिवसात वाचून झाला नाही तर घरी न्या. जाणत्या माणसाला विचारा. पटले तरच सही करा.