मुदत टळलेली सोल्डर पेस्ट

गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा हें तालुक्याचें गांव. भोंवतीं साग आणि बांबू यांचें जंगल. उन्हाळ्यांत या बाजूस पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पावसाळ्यांत कपाटांतल्या पुस्तकांनाहि ओल धरते. अशा गांवीं राहून इलेक्ट्रॉनिक सर्किटें जुळविण्याचा छंद एखाद्या विद्यार्थ्यास लागला, तर त्याचें सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पुण्याच्या बुधवार पेठेंतून अगर नागपुराहून पार्सलानें यावयाचें. त्या पार्सलांत एक लहानशी डबी असते. तिच्यांत करड्या रंगाचा, घट्ट लोण्यासारखा लेप भरलेला असतो. हिलाच सोल्डर पेस्ट म्हणतात. हल्लीं सर्किटांतील पुष्कळसे भाग तिळाच्या दाण्याहूनहि लहान असतात व त्यांना तारेचे पाय नसतात. तेव्हां बोर्डावरील तांब्याच्या ठिपक्यांवर या लेपाचे थेंब ठेवावयाचे, त्यांवर ते भाग चिमट्यानें बसवावयाचे, आणि उष्णता देऊन सर्व सांधे एकदम जुळवून घ्यावयाचे, अशी ही रीत आहे.

डबीवर दोन गोष्टी छापलेल्या असतात. एक, शून्य ते दहा अंश उष्णतामानांत ठेवावी. दुसरी, मुदतीची तारीख. ही मुदत बहुधा सहा महिन्यांपासून वर्षभराची असते. परंतु छंदी मनुष्यास एका बोर्डाला हरभऱ्याच्या डाळीएवढी पेस्ट पुरते. डबी वर्ष-दोन वर्षें संपत नाहीं, आणि एके दिवशीं तारीख कधींच उलटून गेल्याचें ध्यानांत येतें. नवी मागवावी तर पैसे आणि आठवडाभर वाट पाहणें. जुनी वापरावी तर मनांत शंका. डबी टाकावी कीं वापरावी? केवळ तारखेकडे पाहून या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं, आणि केवळ लेपाच्या रंगरूपाकडे पाहूनहि देतां येत नाहीं.

याचा उलगडा होण्यासाठीं क्षणभर कल्हईवाल्याची आठवण करावी. भांडें भट्टीवर तापलें कीं तो त्यांत नवसागराची चिमूट टाकी, पांढरा धूर उठे, आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानें तो एका फेऱ्यांत सारें भांडें रुप्यासारखें करून सोडी. नवसागर टाकला नाहीं तर काय होईल? कथील वितळेल खरें, परंतु अळवाच्या पानावरील पाण्याप्रमाणें त्याचे थेंब इकडून तिकडे घरंगळत राहतील. तांब्या-पितळेच्या पृष्ठभागावर हवेंतील प्राणवायूच्या संयोगानें एक अतिसूक्ष्म पापुद्रा नेहमींच जमलेला असतो, आणि वितळलेलें कथील त्या पापुद्र्यास धरत नाहीं. तें उघड्या धातूलाच धरतें. तापलेल्या नवसागरांतून निघणारी आम्लाची वाफ तो पापुद्रा खाऊन टाकते व धातु उघडी करते. तांबट आणि सोनार डाख देतांना जो क्षार वापरतात त्याचेंहि काम हेंच. इलेक्ट्रॉनिक कामांत या मध्यस्थाला फ्लक्स असें नांव आहे.

सोल्डर पेस्ट म्हणजे कथील आणि हा मध्यस्थ हीं दोन्हीं एकाच डबींत कालविलेलीं. वजनानें पाहिलें तर पेस्टमध्यें सुमारें नऊदशांश भाग धातूची भुकटी असते. आकारमानानें मात्र धातु निम्मीच भरते आणि उरलेला निम्मा भाग फ्लक्सचा. जुन्या पद्धतीच्या पेस्टमध्यें ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसें असतें व ती १८३ अंशांवर वितळते. युरोपांत १ जुलै २००६ पासून बहुतेक विद्युत्-उपकरणांतील शिशावर निर्बंध आले; तेव्हांपासून ९६.५ भाग कथील, ३ भाग चांदी आणि अर्धा भाग तांबें असें मिश्रण प्रचारांत आलें. तें २१७ अंशांच्या सुमारास वितळूं लागतें. फ्लक्समध्यें चिडाच्या झाडाची राळ, सौम्य सेंद्रिय आम्लें, त्यांना पातळ ठेवणारें द्रावण, आणि लेप ओघळूं नये म्हणून घातलेला एक दाटपणा आणणारा पदार्थ असतो. हा शेवटचा पदार्थ पुष्कळदां आपल्या ओळखीच्या एरंडेल तेलापासूनच केलेला असतो.

आतां यांतलें जुनें होतें तें काय? कथील काहीं नासत नाहीं. सोल्डरच्या तारेचें रीळ नीट ठेवलें तर वर्षानुवर्षें उपयोगी पडतें. मग त्याच धातूची पेस्ट इतक्या लौकर कां बिघडावी? थोड्या गणितानें हें उमगतें. एक घन सेंटिमीटर धातूचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच ठोकळ्याच्या ०.०३ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्या केल्या, आणि पेस्टमधील गोळ्या साधारण एवढ्याच असतात, तर त्या सुमारें ७ कोटी होतात, व त्यांचा एकूण पृष्ठभाग २,००० चौरस सेंटिमीटर होतो. म्हणजे हवेला आणि आम्लाला झोंबावयास जागा तीनशें पटींहून अधिक झाली. प्रत्येक गोळीवर पापुद्रा जमूं लागतो. फ्लक्समधील आम्ल तो खाऊं पाहतें, आणि त्या खटाटोपांत डबींतल्या डबींतच स्वतः खर्ची पडतें. जें सामर्थ्य बोर्डावर प्रकट व्हावयाचें, तें काम येण्यापूर्वींच संपून जातें. शिवाय झांकण उघडझांक केल्यानें द्रावण उडून जातें व लेप कोरडा पडतो. सारांश, डबींत म्हातारा होतो तो मध्यस्थ.

या क्रियेस उष्णता फार मानवते. कित्येक रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांस सुमारें दुप्पट होतो, असा एक स्थूल ठोकताळा आहे. त्या हिशेबानें ५ अंशांवर जी झीज १६ दिवसांत व्हावयाची, ती ४५ अंशांवर एका दिवसांत होईल. मे महिन्यांत पत्र्याच्या गाडींतून चार दिवस प्रवास करून धानोऱ्यास पोहोंचलेली नवी कोरी डबी एका दृष्टीनें दोन महिन्यांनीं जुनी होऊनच हातांत पडते. उलट, थंडींत मागविलेली आणि आल्या दिवसापासून शीतकपाटांत राहिलेली डबी मुदतीनंतरहि कांहीं महिने चांगली निघूं शकते. छापील तारीख हें अटीवर दिलेलें वचन आहे. अट पाळली गेली कीं नाहीं हें तारखेस ठाऊक नसतें. तें डबीच्या इतिहासावरून आणि परीक्षेवरून ठरवावें लागतें.

ही परीक्षा घरीं होण्याजोगी आहे. प्रथम डबी शीतकपाटांतून काढून झांकण न उघडतां तीन-चार तास बाहेर ठेवावी. पावसाळ्यांत थंड पाण्याच्या लोट्यास बाहेरून जसें दंव सुटतें, तसें गार पेस्ट उघडल्यास तिच्यावर दंव जमतें, आणि तें पाणी पुढें तापतांना तडतडून धातूच्या गोळ्या उडवितें. डबी उघडल्यावर लेप लांकडी काडीनें हलकेच ढवळावा. वर फ्लक्स सुटून आला असेल पण ढवळतांच एकजीव होत असेल, तर आशा आहे. कोरड्या रव्यासारखा चुरा होत असेल, तर पुढील परीक्षेची गरजच नाहीं.

मग फरशीच्या कोरड्या कपचीवर तुरीच्या दाण्याएवढा ठिपका द्यावा आणि हॉट एअर गननें दुरून, हळूहळू तापवावा. कपची तडकण्याचा संभव असल्यामुळें डोळ्यांवर चष्मा असावा. फरशीला सोल्डर धरत नाहीं, म्हणून चांगल्या पेस्टमधील साऱ्या गोळ्या वितळून एकमेकींत मिसळतात आणि स्वच्छ राळेच्या थेंबांत एकच गोल मणी उरतो. पेस्ट बिघडलेली असेल तर मोठ्या मण्याभोंवतीं मोहरीहून बारीक मण्यांचें कडें जमतें, किंवा सबंध ठिपका द्राक्षांच्या घोसासारखा खडबडीत राहतो. कारखान्यांतहि याच तत्त्वावर पेस्टची परीक्षा करतात. दुसरी परीक्षा तांब्यावरची. घासून लखलखीत केलेल्या तांब्याच्या तुकड्यावर तसाच ठिपका वितळवावा. तो पसरून त्याची कड पातळ झाली तर मध्यस्थ जिवंत आहे. फुगीर थेंब होऊन बसला तर त्याची शक्ति संपली.

दोन्हीं परीक्षांत पेस्ट काठावर उत्तीर्ण झाली, तर तिच्यांत त्याच जातीचा ताजा पेस्ट-फ्लक्स किंचित् मिसळून वेळ निभावतां येते. कामापुरतीच पेस्ट वेगळी काढून तींत तो मिसळावा, सबंध डबींत नव्हे. आणि उरलेली पुन्हां डबींत घालूं नये. मात्र घट्ट झाली म्हणून पेस्टमध्यें रॉकेल, थिनर किंवा स्पिरिट ओतूं नये. त्यानें लेप पातळ दिसतो, पण खर्च झालेलें आम्ल परत येत नाहीं, आणि लेप ओघळून शेजारचे ठिपके एकमेकांस जोडले जातात. कल्हईवाल्याचा नवसागर तर मुळींच घालूं नये. भांडें कल्हईनंतर धुतलें जातें. बोर्डाच्या सांध्यांत शिरलेला नवसागर तेथेंच राहतो, आणि धानोऱ्याच्या श्रावणांतील हवा त्याला पाणी पुरवून तांब्यावर हिरवा गंज चढविते.

अशी सुधारलेली पेस्ट दुय्यम प्रतीची, हें विसरूं नये. जेथें ठिपके मोठे आहेत, सांधा डोळ्यांस दिसतो, आणि चुकल्यास सोल्डरिंग आयर्न व तार घेऊन दुरुस्त करतां येतो, तेथें ती खुशाल वापरावी. ज्या चिपांचे सांधे त्यांच्या पोटाखालीं झांकलेले असतात, त्यांना ती लावूं नये. कारण न दिसणाऱ्या सांध्यावर विश्वास ठेवावयाचा तर सोल्डर तरी विश्वासाचें हवें.

येथें खरा धोका ध्यानांत घ्यावा. अर्धवट धरलेला सांधा त्या दिवशीं फसत नाहीं. दिवा लागतो, सर्वांस आनंद होतो. पुढें एखाद्या धक्क्यानें, उन्हा-गारव्याच्या आकुंचन-प्रसरणानें अगर ओलीनें तो सांधा सुटतो. शहरांत छंदाची वस्तु बहुधा टेबलावरच राहते. खेड्यांत ती लगेच कामास लागते. विद्यार्थ्यानें जुळविलेला सौरदिवा घरीं रोज लागूं लागतो. त्यानें दुरुस्त केलेली विजेरी शेजारी मागून नेतो. वाघ-अस्वलांच्या रानांत पहांटे मोहफुलें वेंचावयास निघालेल्या माणसाच्या हातांत ती विजेरी असेल, तर तिच्यांतील एक सांधा हा त्या मनुष्याच्या जिवाचा प्रश्न होतो. म्हणून शिकण्याच्या, खेळण्याच्या आणि प्रयोगाच्या सर्किटास जुनी पेस्ट चालेल. ज्यावर दुसरा कोणी विसंबणार आहे त्यास ती चालणार नाहीं. तेथें ताजी पेस्ट घ्यावी. किंवा भाग मोठे निवडून आयर्न आणि राळयुक्त तार यांनींच काम करावें.

स्वयंपाकघरासंबंधीं दोन शब्द अवश्य आहेत, कारण शीतकपाट बहुधा तेथेंच असतें. शिशाची पेस्ट पोटांत गेल्यास विषारी आहे, आणि मुलांच्या मेंदूस विशेष घातक आहे. डबी घट्ट झांकणाच्या वेगळ्या डब्यांत, त्यावर ठळक नांव घालून, अन्नापासून दूर ठेवावी. तसें जमण्यासारखें नसेल तर शिशाची पेस्ट घरांत आणूंच नये. बोर्ड तापविण्यास वापरलेला तवा किंवा ओव्हन पुन्हां अन्नाकडे नेऊं नये. काम संपल्यावर हात साबणानें धुवावेत. राळेच्या धुरानें दमा जडूं शकतो, म्हणून खिडकी उघडी असावी. टाकून द्यावयाची पेस्ट मोरींत किंवा उकिरड्यावर न टाकतां बंद बाटलींत सांठवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

धानोऱ्याच्याच तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवानें कोणत्याहि निर्णयापूर्वीं अभ्यासगटांत त्या विषयाचा अभ्यास करण्याची रीत पाडली, आणि त्या रीतीमुळें तें लहानसें गांव देशभर ओळखलें गेलें. डबीचा निर्णय त्यामानानें फारच क्षुल्लक. पण रीत तीच लागू पडते. पेस्ट थोडीच घ्यावी, शक्य तर हिंवाळ्यांत मागवावी, उघडल्याची तारीख झांकणावर लिहावी, आणि मुदत टळली म्हणजे फरशीचा तुकडा व तांब्याचा तुकडा पुढें घेऊन बसावें. पांच मिनिटांत तो ठिपका स्वतःच सांगतो कीं, मध्यस्थ अजून कामाचा आहे कीं नाहीं. त्यानंतर एवढेंच विचारावयाचें उरतें कीं, या सांध्यावर उद्यां कोण विसंबणार आहे.