नॅक्सॉसचा वारा आणि आमचा विमा

2024 च्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघे ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावर आठ दिवस राहून आलो. इंग्लंडच्या पावसाला कंटाळून ऊन खायला गेलो आणि पोटभर वारा खाऊन आलो! मंडळातली दोन-तीन कुटुंबे तिकडे जाणार असे कळले, म्हणून हा लेखनप्रपंच.

या वाऱ्याला तिथे मेल्टेमी म्हणतात. उन्हाळ्यात बाल्कन भागावर हवेचा दाब जास्त असतो आणि तुर्कस्तानच्या बाजूला कमी, त्यामुळे एजियन समुद्रावर उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वांत जास्त. आकाश मात्र निळेभोर. आपल्याला सोसाट्याचा वारा म्हटला की ढग आठवतात, तिथेच फसगत होते.

अंग गार राहते, पण अतिनील किरण वाऱ्याने कमी होत नाहीत. "आपण सावळे, आपल्याला काय होतंय?" असे म्हणणारी मीच, रात्रभर खांद्यांची आग झाली. किमान 30 एसपीएफचे क्रीम दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. घाम लगेच वाळतो, म्हणून तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावे. मुलांच्या हवा भरलेल्या गाद्या मात्र घरीच ठेवा. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल तर काठाचे पाणी शांत दिसते आणि गादी मुलासकट आत जाते. मदतीचा नंबर 112.

खरा फटका परतीच्या दिवशी बसला. वाऱ्यामुळे पिरेयसची बोट रद्द झाली आणि अथेन्सहून सुटणारे आमचे विमान चुकले. युरोपीय नियमानुसार बोट कंपनीने पुढची बोट किंवा तिकिटाचे पैसे द्यायचे असतात, आणि तेवढे मिळाले. पण धोकादायक हवामानामुळे बोट रद्द झाली तर हॉटेलचा खर्च किंवा भरपाई देणे तिला बंधनकारक नाही. विमा आहेच, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. घरी येऊन बारीक अक्षरे वाचली, तर विमान चुकल्याची भरपाई फक्त जातानाच्या प्रवासाला! चार नवी तिकिटे आणि हॉटेलची एक रात्र आमच्याच खिशातून गेली. स्वस्त पॉलिसी घेऊन थोडे पौंड वाचवल्याचा आनंद तिथेच संपला. तेव्हा परतीचे कलम आधी वाचा आणि विमानाच्या आदल्या दिवशीच अथेन्सला येऊन राहा.

एनएचएसचे जीएचआयसी कार्ड फुकट मिळते. ते दाखवले की सरकारी दवाखान्यात आवश्यक उपचार तिथल्या रहिवाशांच्याच अटींवर होतात. खासगी डॉक्टर किंवा रुग्णाला विमानाने घरी आणण्याचा खर्च त्यात येत नाही, त्यामुळे कार्ड असले तरी विमा हवाच. तो घेताना मधुमेह, रक्तदाब लपवू नका. त्यावरून दावा नाकारता येतो.

रक्तदाबावरून आठवले. ह्यांनी गोळ्या मोजून आठच दिवसांच्या घेतल्या होत्या. शेवटची गोळी नॅक्सॉसच्या धक्क्यावर, रद्द झालेल्या बोटीची पाटी बघत घेतली. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात गोळीचे मूळ नाव सांगता येईना, कारण रिकामे पाकीट आम्ही टाकून दिले होते! आता प्रिस्क्रिप्शनची प्रत माझ्या पर्समध्ये असते, आणि आठवडाभर ज्यादा पुरतील इतक्या गोळ्या हातातल्या बॅगेत.